सिलिंडरसाठी नेलेला स्केटबोर्ड

मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि तिचा स्केटबोर्ड पेणच्या रामवाडीतल्या आमच्या घरात राहिला. दाराआड उभा असायचा आणि केर काढताना हटकून माझ्या पायावर पडायचा. मी फोनवर कुरकुरले तर ती म्हणाली, "कुणाला तरी देऊन टाक."

माझ्या थोरल्या नणंदबाई, ताई, रोह्याला असतात. कंपनीतल्या शिफ्टवाल्यांना डबे करून देतात. वय अठ्ठावन्न, पण भरलेला सिलिंडर फाटकापासून स्वयंपाकघरापर्यंत एकट्याच ओढत नेतात. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "चाकं हायत ना? मग आण. सिलिंडर सरकवायला बरा."

रविवारी बोर्ड पिशवीत घालून मी एसटीत बसले. कंडक्टरनं विचारलं, "एवढा लांब पोळपाट?" मी हो म्हटलं. कोण समजावत बसणार.

ताईंच्या फाटकाशी सिलिंडर बोर्डावर चढवला आणि मी ढकलला. बोर्ड सुळकन पुढं गेला, सिलिंडर मागच्या मागं आडवा झाला. ताईंनी बोर्ड उचलून उलटा केला, एक चाक बोटानं फिरवलं. ते फिरतच राहिलं. त्या बघतच राहिल्या. मग गाऊन जरा वर खोचून म्हणाल्या, "धर गो मला."

"ताई, तुमचे गुडघे..."

"गुडघ्यांना कुणी विचारलंय?"

त्या दिवशी मी त्यांचे दोन्ही हात धरून पडवीभर उलटी चालले. पुढच्या रविवारी एकच हात. तिसऱ्या रविवारी त्यांनी तोही सोडवून घेतला, घरासमोरच्या सिमेंटच्या गल्लीत सहा-सात हात मजेत गेल्या आणि पडल्या. मनगट सुजलं.

डॉक्टरांनी विचारलं, "कशा पडलात?"

"बाथरूममध्ये पाय घसरला," मी घाईनं सांगून टाकलं.

ताईंना ते मुळीच आवडलं नाही. "बाथरूममध्ये म्हाताऱ्या पडतात," त्या म्हणाल्या. "मी स्केटबोर्डवरून पडले."

डॉक्टरांचं लिहिणं थांबलं. मी भिंतीवरच्या हाडांच्या तक्त्यात डोकं घातलं. मग डॉक्टरांनी विचारलं, "वेग किती होता?" ताई एवढ्या खूश झाल्या की प्लास्टर घालताना कण्हल्यासुद्धा नाहीत.

हात गळ्यात असताना त्यांनी मला फर्मावलं, "आता तू उभी राहा. नायतर चाकं गंजतील." मी शाळेत शिकवते. व्हरांड्यात पळणाऱ्या मुलांवर ओरडणं हे माझं कामच. तरी उभी राहिले. एक पाय जमिनीवर असतो तोवर काही वाटत नाही. तो उचलला की दोन-तीन क्षण आपल्याला कुणीच धरलेलं नसतं आणि मग कळतं, आपण चाललोय. मी फार तर चार हात गेले असेन, पण हसू आवरेना. घरात, शाळेत मला सगळं येतं असं सगळे धरून चालतात. इथं मला काहीच येत नव्हतं आणि त्यानं कुणाचं काही बिघडत नव्हतं. पेणला परतताना एसटीत बसूनही माझा उजवा पाय जमीन मागं ढकलत होता.

प्लास्टर निघालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "महिनाभर हाताला आराम द्या."

"देते की," ताई म्हणाल्या. "चालवायचा पायानंच असतो."

आता रविवारी दुपारी पहिली शिफ्ट सुटली की डबा न्यायला आलेले दोघं-तिघं फाटकाशी रेंगाळतात. आधी हसायला थांबायचे. गेल्या रविवारी त्यांतल्या एका टक्कल पडलेल्या ऑपरेटरनं डबा पायरीवर ठेवला, बूट काढले आणि ताईंना विचारलं, "मावशी, एकदा उभा राहू?"

"बूट घाल आधी," ताई म्हणाल्या.

पहिल्याच धक्क्याला तो धपकन बसला. त्यानं पँट झटकली, बोर्ड पायानं ओढून जवळ घेतला आणि आमच्याकडं न बघताच म्हणाला, "ही खेप मोजू नका हां. ही फक्त करून बघायला होती."