जागा बदलणारा शंख

ती घटना आठवली की आजही माझा उजवा हात आपोआप खिशात जातो.

उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये शोभेच्या माशांचं एक दुकान होतं. एके सकाळी हजेरी चालू असतानाच त्याचे मालक आमच्या पोलीस ठाण्यात आले. "साब, ताला सलामत, मछली गायब! चाबी सिर्फ मामा के पास है." खाऱ्या पाण्याच्या टाकीतले मासे आठवडाभर एकेक करून कमी होत होते.

मामा म्हणजे दुकानातले नोकर. राहायला बेलवलीत, पन्नाशी उलटलेले, घराणं मूळचं मिठागरातलं. मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. त्यांचं एकच पालुपद, "सायेब, चोर ठरलो तर या वयात मना काम कोन देईल?" उठता उठता म्हणाले, "त्या टाकीतला शंख रोज सकाली दुसऱ्याच जागी दिसतो."

लेखनिक हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "असलं फालतू जबाबात नको." चोर विषय बदलतो, हा माझा अनुभव.

तरी खात्री करावी म्हणून संध्याकाळी पंचांसमक्ष मासे मोजले, मामांची किल्ली घेतली आणि दुकानाला आमचं कुलूप घालून लाखेचं सील लावलं. सकाळी सगळ्यांसमोर उघडलं. सील शाबूत, मासा एक कमी. मामा सुटले, पण मासा गेला कुठे? तेव्हा मला ते फालतू वाक्य आठवलं. काल पंपाजवळ असलेला शंख आज दुसऱ्या टोकाला होता, आणि वाळूत माशाचे बारीक काटे पडले होते.

शंख मोठा देखणा, निमुळता, तपकिरी नक्षीचा. टाकीत मांडायच्या समुद्री खडकांच्या मालाबरोबर आला म्हणून मालकांनी रिकामा समजून शोभेला ठेवलेला. मी बाही सारून हात घालणार, तोच मामांनी माझं मनगट धरलं.

"नको सायेब! जिता हाय तो. वलख नसलेल्या शंखाला आमच्यात हात लावत नाय."

दुपारी प्राणिशास्त्राच्या एका प्राध्यापकांना बोलावलं. लांब चिमट्याने शंख उचलून ते म्हणाले, "ही मासेखाऊ समुद्री गोगलगाय. सुईसारखा विषारी दात मारते, मासा जागीच लुळा पडतो, मग अख्खा गिळते आणि नंतर काटे बाहेर टाकते. माणसाला डसली तर श्वास बंद पडू शकतो. यावर उतारा नाही."

मी उजवा हात खिशात घातला. ज्यांना चोर ठरवायला निघालो होतो, त्यांनीच मला वाचवलं होतं. मला स्वतःची लाज वाटली.

ठाण्यात मामांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि जबाब नव्याने माझ्याच हाताने लिहायला बसलो. माणसं बऱ्याचदा खरंच सांगत असतात, आपणच हवं तेवढं लिहून घेतो, हे मी त्या दिवशी शिकलो.

"बोला मामा."

मामा चहाचा घोट घेऊन म्हणाले, "पयलं शंखाचं लिवा."