खिडकीतला उजेड

आमच्या हिंदीभाषक शहरातल्या महाराज बाड्याजवळच्या कॉम्प्युटरच्या दुकानात मी नवं ग्राफिक्स कार्ड घ्यायला गेलो होतो. शेजारी पन्नाशीच्या एक बाई मुलाचा जुना कॉम्प्युटर दुरुस्तीला घेऊन बसल्या होत्या. मी फोनवर मराठीत बोललो, ते ऐकून त्या आपणहून म्हणाल्या, "मुलगा पुण्याला गेला. त्याचं इथलं ऑफिस तिकडच्या ऑफिसात मिळवून टाकलं ना. याच्यातल्या एका गेममध्ये त्याने घर बांधलंय. मी रोज दुपारी पाहते."

गेमचं नवं अपडेट आल्यापासून चित्र अडखळत होतं.

"नया कार्ड लगेगा, आंटी," दुकानातला कारागीर म्हणाला. मग त्यांचा उतरलेला चेहरा पाहून तो एकेक सेटिंग कमी करत गेला. सावल्या गेल्या, गवत गेलं, तळ्यातलं प्रतिबिंब गेलं. गेम सुरळीत पळू लागला.

बाई स्क्रीनजवळ सरकल्या आणि घराच्या खिडकीवर बोट टेकवून म्हणाल्या, "भैया, इस खिड़की में उजाला था."

"उजाला रखेंगे तो फिर अटकेगा."

"अटकने दो. हमें कहाँ जाना है?"

त्याने उजेड परत लावला. चित्र पुन्हा थबकत चालू लागलं. हनुवटीखाली हात धरून त्या तेवढ्याशा पिवळ्या चौकोनाकडे पाहत राहिल्या. इतक्या मायेने मी कुठलाच गेम कधी पाहिला नव्हता.

कारागिराने त्यांच्या कॉम्प्युटरची वायर काढायला हात पुढे केला आणि आता माझी पाळी म्हणून मला बोलावलं. मी म्हटलं, "रहने दो. मुझे जल्दी नहीं है."