निवाऱ्याचं कोडं

माझं पहिलं शब्दकोडं पेपरात छापून आलं ते चाचांमुळं, हे आधी सांगून टाकतो. चाचा म्हणजे वाळूजच्या आमच्या कारखान्यात पार्ट तपासणारे. शिक्षण उर्दूतून, घरची बोली दखनी, मराठी त्यांनी कोडी सोडवता सोडवता पक्की केली. मी चंद्रपूरच्या पलीकडून आलेला, आठवीतच शाळा सुटलेला, बजाजनगरात चौघांच्या खोलीत राहणारा.

चहाच्या सुट्टीत चाचा पेपर पसरायचे. त्यातलं कोडं तिरकं असायचं, सरळ काही विचारायचंच नाही. एकदा मला म्हणाले, ‘‘शाळेतले सर उलटे फिरले की उन्हाळ्यात गोड लागतात. दोन अक्षरं. सांग.’’

शाळेचा विषय निघाला की मी तो बदलायचो. तरी तोंडातून निघालं, ‘‘रस!’’

‘‘देखो, सर को उलटा कर दिया! आन् म्हणतो, शिकलो नाय.’’

मग मी सोडवायला लागलो, पुढं रचायलाही. त्याच सुमारास पेपरानं वाचकांकडून कोडी मागवली. सोबत नाव, पत्ता आणि शिक्षण लिहायचं होतं. तिथंच अडलो. आठवी लिहिलं तर कोडं न बघताच टाकून देतील, असं वाटायचं. कोडं गादीखाली पडून राहिलं. शेवटी धीर करून एक दिवस चाचांना दिलं.

त्यांनी सगळं बरोबर भरलं, एक सोडून. मी लिहिलं होतं : ‘उन्हात हवाहवासा, पहिलं अक्षर काढलं की वारा.’ त्यांनी तिथं ‘फवारा’ लिहिलेला.

‘‘चाचा, तो निवारा आहे.’’

‘‘व्हय? मग फवारा का नाय? उन्हात तो बी लई बरा वाटतो.’’

मी दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहून पाहिले. ‘नि’ काढा की ‘फ’ काढा, मागं वाराच उरत होता, त्यामुळं दोन्ही बसत होते. चाचांनी खिशातून पार्टचं भोक तपासायचं गेज काढलं. त्याची एक बाजू भोकात गेलीच पाहिजे, दुसरी अडकलीच पाहिजे. दोन्ही आत गेल्या की पार्ट रिजेक्ट.

‘‘तुझ्या कोड्यात बरोबर उत्तर जातंय, चुकीचं बी जातंय.’’

‘‘वाटलंच होतं मला. आठवीवाल्याचं काम नाही हे.’’

‘‘अरे मियां, पार्ट रिजेक्ट केला की मशीनवाल्याची मार्कशीट बघतो का मी? नवा करून आण.’’

दुसऱ्या दिवशी नेलं : ‘घर सोडून आलेला आधी हाच शोधतो; पहिलं अक्षर काढलं की नुसता वारा.’

चाचांनी चष्मा वर केला. ‘‘फवारा? अडकला. निवारा?’’ त्यांनी चौकटींवरून बोट फिरवलं. ‘‘गेला.’’ आणि पास झालेल्या पार्टवर देतात तसा पिवळ्या रंगाचा ठिपका माझ्या कागदाच्या कोपऱ्यात दिला. शिक्षणाच्या ओळीत मी आठवी लिहिलं आणि पाकीट टाकलं. एका रविवारी कोडं छापून आलं. चाचांनी ते पहिल्यापासून परत सोडवलं, जणू पाहिलंच नव्हतं.

आता ते घरीच असतात, बारीक अक्षर दिसत नाही. पूर्वी म्हणायचे, ‘‘हमारी बोली में कोडा कौन देता?’’ मी देणार आहे, चाचा. मोठ्या चौकटींचं, अख्खं दखनीत. अजून हात बसला नाही, चुका लई होतात. पण एक दिवस घेऊन येईन. गेज तेवढं जपून ठेवा.