चिकलठाण्यात कलंडलेली जपानी विनाशिका

निघायचं ठरलं ते लेकीच्या एका प्रश्नामुळे. साहेबरावांची गोष्ट मी घरात इतक्यांदा सांगितली आहे की जावईसुद्धा पुढचं वाक्य आधीच म्हणतात. तरुणपणी कंपनीत मी केलेली चूक एका फिटरने स्वतःच्या अंगावर घेतली आणि माझी नोकरी वाचली, अशी ती गोष्ट. या दिवाळीत ती रंगवून सांगून झाल्यावर लेक म्हणाली, "आई, त्यांचे आभार कधी मानलेस?" मी भांडी आवरायला उठले. चाळीसहून जास्त वर्षांत मी एकदाही पाचोडला, त्यांच्या गावी, गेले नव्हते.

जुन्या कंपनीतल्या दोघातिघांना फोन लावल्यावर साहेबरावांच्या सुनेचा, सविताचा नंबर मिळाला. "या की, दादा घरीच असतात," ती सासऱ्यांबद्दल म्हणाली. आता माघार घ्यायची सोय राहिली नाही.

पुण्याहून सकाळच्या एसटीने निघाले. बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे गाडीत बायकांचंच राज्य होतं. नगर सोडल्यावर गाडी ज्या धाब्यावर थांबते तिथला चहा झकास, भजी मात्र घेऊ नका, मी पस्तावले. कायगावच्या पुलावर गोदावरी आली तेव्हा सवयीने हात जोडले गेले. गंगापूरकडे जाणारे उसाचे ट्रॅक्टर मागे पडले आणि वाळूजचे कारखाने सुरू झाले. माझ्या वेळी इथे माळ होता. छत्रपती संभाजीनगरात उतरले तेव्हा दुपार टळली होती. बसस्थानकाजवळ स्वच्छ लॉज मिळतात, दोन खोल्या पाहून मगच ठरवा.

सामान टाकून रिक्षाने चिकलठाण्याला गेले. आमची कंपनी केव्हाच बंद पडली. फाटकावर आता कुण्या गोदामाची पाटी आहे. रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, इधर देखने जैसा कुछ नहीं." त्याचं बरोबर होतं, पण मी अर्धा तास तिथेच उभी राहिले.

मी या कंपनीत ट्रेसर होते. इंजिनिअरने पेन्सिलने काढलेल्या चित्रावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि शाईने जसंच्या तसं गिरवायचं, हे ट्रेसरचं काम. नोकरी टेंपररी होती. त्या वर्षी नवं मशीन बसवायला जपानहून नाकामुरा नावाचे साठीकडे झुकलेले गृहस्थ आले आणि आल्या आल्या अडकले, कारण नामांतराचं आंदोलन पेटलं होतं. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडाभर मोर्चे आणि बंद चालले होते. जालना रोडवर गाड्या नव्हत्या. साहेबराव पाचोडचे, मेंढपाळाच्या घरातले, हातात जादू असलेले फिटर. त्यांना घरी जाता येईना, म्हणून ते कंपनीच्या वर्कशॉपमध्येच मुक्काम ठोकून होते. मी चिकलठाण्यात काकांकडे राहायचे, म्हणून चालत यायचे. काम बंद, माणसं तीन.

भांडण कशाचं, असं नाकामुरांनी विचारलं. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं. एका नावासाठी एवढं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं असावं, कारण साहेबराव मला म्हणाले, "त्यांना सांगा ताई, नाव म्हंजी मान असतो. ज्यांना कुणी कधी दिला नाय, ते मागत्यात." मी ते सांगितलं. घरी काका नामांतराच्या विरोधात तावातावाने बोलायचे आणि मी मान खाली घालून ताटातलं संपवायचे. गप्प बसायचा सराव मला तिथेच झाला होता.

नाकामुरा तरुणपणी 'युकिकाझे' या जपानी विनाशिकेवर बॉयलरच्या खोलीत होते. विनाशिका म्हणजे लांब, अरुंद आणि वेगाने पळणारं लढाऊ जहाज. तिच्या आधीच्या पिढीतलं एक छोटं जहाज वादळात उलटलं होतं. शस्त्रांच्या हौसेपायी डेकवर वजन फार चढवलं होतं. त्यातून शहाणे होऊन पुढची जहाजं वजन खाली राहील अशी बांधली, असं त्यांनी सांगितलं. युकिकाझेच्या जातीची एकोणीस जहाजं होती, महायुद्धातून एवढी एकच वाचली. युकिकाझे माणसं मारायलाच बांधली होती, हे नाकामुरा कधी लपवत नसत. पण त्यांचे डोळे चमकायचे ते युद्धानंतरचं सांगताना. तोफा उतरवून त्याच जहाजातून त्यांनी परदेशात अडकलेली हजारो माणसं घरी आणली होती.

त्या रिकाम्या दिवसांत त्यांनी आठवून जहाजाची दोन चित्रं काढली. साहेबराव पितळेचं आणि पत्र्याचं मॉडेल बनवतो म्हणाले, त्यासाठी मी चित्रं गिरवून दिली. बंद उठला. नाकामुरांच्या निरोपाच्या दिवशी सगळ्या स्टाफसमोर, आग विझवण्यासाठी ठेवलेल्या पाण्याच्या टाकीत जहाज सोडलं. ते क्षणभर डौलात उभं राहिलं, मग सावकाश कलंडलं आणि तळाला गेलं.

नाकामुरा एवढंच म्हणाले की वर वजन फार झालं. साहेबराव लगेच पुढे झाले. "माझी चूक झाली साहेब. पितळ जास्त लागलं."

चूक माझी होती. ती दोन चित्रं एकाच वेळच्या जहाजाची नव्हती. एक मूळ बांधणीचं होतं, दुसरं युद्धाच्या मध्यावरचं. विमानांचे हल्ले वाढले तेव्हा मागची एक जोडतोफ काढून तिच्या जागी विमानविरोधी तोफा बसवल्या होत्या, हे नाकामुरांनी मला सांगितलंही होतं. मी ट्रेसरच्या सवयीने दोन्ही चित्रं एकावर एक ठेवून सगळंच गिरवलं. काढलेली तोफही आली आणि नव्या तोफाही आल्या. टाकीजवळ उभी असताना मला ते लख्ख कळलं आणि मी गप्प राहिले. पुढच्या महिन्यात मी पर्मनंट झाले. साहेबरावांचं टूलरूममधल्या बढतीसाठी नाव होतं, ते मागे पडलं.

दुसऱ्या दिवशी बीडकडे जाणारी एसटी धरली. पाचोडला तास-सव्वा तास लागतो. नेमका बाजाराचा दिवस होता, मोसंब्यांच्या ढिगांतून वाट काढत सविता मला न्यायला आली. साहेबराव अंगणात बाजेवर बसले होते, मागे कुंपणात मेंढरं. मला पाहून म्हणाले, "ताई, लई पांढऱ्या झालात." भाकरी, वांग्याची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी असं जेवण झालं. पोट भरलं तरी सविता वाढतच राहिली.

जेवणानंतर मी पुण्याहून घोकून आणलेलं सगळं बोलले. दोन चित्रांची भानगड सांगितली. म्हटलं, "भाऊ, चूक माझी होती. तुम्ही ती अंगावर घेतलीत म्हणून मी उभी राहिले. तुमचे उपकार आहेत."

त्यांनी सावकाश विचारलं, "म्हंजी माझं काम बरोबर व्हतं?"

मला आधी कळेना. मग कळलं. त्यांनी काहीच अंगावर घेतलं नव्हतं. त्यांना खरंच वाटलं होतं की आपला हात चुकला. टूलरूमसाठी दिलेलं नाव त्यांनी स्वतः जाऊन मागं घेतलं होतं. "ज्याला पितळंचा अंदाज नाय, त्यानं तिथं कशाला जावं," ते म्हणाले. रिटायर होईपर्यंत प्रत्येक नग ते दोनदा तपासत. वर्कशॉपमध्ये या सवयीची थट्टा व्हायची.

मी रडले. त्यांनी मला रडू दिलं. रागावले नाहीत, हे मी विसरणार नाही. थोड्या वेळाने त्यांनी सुनेला हाक मारली. "सविता, ऐकलं का? कागद चुकला व्हता. हात नव्हता चुकला." ती हो म्हणाली, तरी त्यांनी तिला पुन्हा एकदा सांगितलं.

निघताना त्यांनी पिशवीभर मोसंबी दिली आणि एसटीत बसवायला स्वतः आले. वाटेत भेटेल त्याला माझी ओळख करून दिली, ही आमच्या कंपनीतली ताई, पुण्याहून आली. का आली, हेही प्रत्येकाला सांगितलं. मी शेजारी उभी राहून मान हलवत होते.

घरी येऊन आठवडा झाला. पाचोडला जाणार असाल तर बाजाराच्या दिवशी जा, एवढं सांगेन. ज्या मोठेपणाचे मी चाळीस वर्षं गोडवे गायले, तो मी माझ्या सोयीसाठी रचला होता. तरी मनात जास्त आहे ती कृतज्ञताच, त्या माणसाने मला अंगणातून हाकललं नाही म्हणून. काल रात्री जेवताना जावयांनी सवयीने ती गोष्ट सुरू केली, "आणि मग त्या फिटरने चूक अंगावर..." मी त्यांना थांबवलं आणि म्हटलं, "त्या फिटरने काहीच चूक केली नव्हती. तिथूनच सुरू करा."