अंजिराच्या पानातली शिवण

आमचे शेजारी रावसाहेब नावापुरतेच साहेब. मूळचे साताऱ्याकडचे, तीस वर्षं पाठीवर पोती वाहिलेले माथाडी. वाशीच्या दाणा बाजारात ते टोळीत काम करतात आणि मी तिथेच एका पेढीवर कारकून आहे. पोत्याचं तोंड त्यांनी दाभण-सुतळीनं शिवलं की दाणा सांडत नाही, हे सगळा बाजार मानतो.

घणसोलीच्या वसाहतीत त्यांच्या दारापुढे दोन खाटांएवढी जागा आहे. तिथे त्यांनी अंजीर आणि कढीपत्ता लावला आणि पाखरांसाठी मातीच्या पसरट परळात पाणी ठेवलं. कामावरून आले की उपड्या बादलीवर बसून ते पाहत राहतात. बुलबुल कधी येतो, मुंगूस कुठल्या फटीतून शिरतं, सगळं त्यांना पाठ.

शहाण्णवच्या आषाढात शिंपी पक्ष्याच्या मादीनं अंजिराची दोन पानं शिवून घरटं केलं. चार दिवस रावसाहेबांनी दुसरा विषय काढला नाही. चोचीनं भोक पाडून ती कापसाचा धागा कसा ओवते, हे त्यांनी साऱ्या टोळीला करून दाखवलं. पुढे आत तीन पिल्लं झाली.

एका दुपारी वाऱ्यानं एक पान फाटलं आणि घरटं कलंडलं. पिल्लं पडायच्या बेतात होती. रावसाहेबांनी घरातून वाकळेचा सुई-दोरा आणला आणि पान हळूच शिवून टाकलं. टाके इतके नेटके की मीही शाबासकी दिली.

मादी चोचीत अळी घेऊन आली. घरट्याभोवती फिरली, तारेवर बसली, पुन्हा फिरली. आम्हाला बिचकत असेल म्हणून आम्ही आत गेलो. तरी तेच. पिल्लांचा आवाज बारीक होत चालला.

रावसाहेबांच्या पत्नी विजयमालावहिनी दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "आवं, गोणी शिवलीसा तुमी. तिनं आत जायचं कुटनं?"

पोती शिवायच्या सवयीनं हातांनी घरट्याचं तोंड पक्कं बंद केलं होतं. रावसाहेब उठले आणि कात्रीनं वरचे तीन टाके कापले. मग आम्ही तिघं खिडकीआड उभे राहिलो. बऱ्याच वेळानं मादी अळी घेऊन आली, कडेवर टेकली, आत वाकली आणि रिकाम्या चोचीनं बाहेर पडली. वहिनींनी चहा ठेवला.

आठवड्याभरात तिन्ही पिल्लं उडाली. पानं वाळल्यावर रावसाहेबांनी घरटं डब्यात घालून बाजारात नेलं. त्यांचा मुकादम भैरू कुणाच्या कामाला सहसा चांगलं म्हणत नाही. त्यानं ते उजेडात धरून निरखलं आणि विचारलं, की यातली शिवण कुणाची?

"ही माजी," रावसाहेब म्हणाले. "आन ही तिची. गाठ न्हाई, तरी सुटली न्हाई बगा."

भैरूनं दोन्हींवरून अंगठा फिरवला आणि घरटं पुढच्याच्या हातात दिलं. मालाची गाडी लागली होती, तरी टोळीतल्या सगळ्यांनी ते पाहून होईपर्यंत कुणी पोतं उचललं नाही. पेढीवरून पाहताना, हा माणूस आमचा शेजारी आहे, हे मी दोघा-तिघांना मुद्दाम सांगितलं.