दोघांच्या वजनाची खाच

गाव सोडून निघालो त्या सकाळी अब्बा मला सोडायला स्टँडवर आले नाहीत. रहिमतपुरातलं आमचं गॅरेज म्हणजे घराचीच पुढची खोली. तिथे एका दूधवाल्याची मोटारसायकल उभी होती आणि तिचा मागचा शॉकअप अब्बांच्या मांडीवर होता. हात ग्रीसने भरलेले, म्हणून त्यांनी मनगट पुढे केलं. मी ते धरलं. "गिऱ्हाईक खोळंबलंय रं, तू नीघ," एवढंच म्हणाले. अम्मी मात्र रिक्षाच्या मागे पार कोपऱ्यापर्यंत चालत आली. तेव्हा अब्बांचा राग आला होता. आता वाटतं, त्या दिवशी गिऱ्हाईक नसतं तर त्यांनी कुठून तरी धरून आणलं असतं.

साताऱ्याला आयटीआय, मग पुण्यात नोकरी, मग कॅनडाच्या उत्तरेतलं हे गाव. इथे अर्धं वर्ष बर्फ असतो, तळी गोठतात आणि लोक त्यावरून स्नोमोबिल पळवतात. पुढे बर्फावरून घसरणारे दोन पाट, मागे रबरी पट्टा, वर मोटारसायकलसारखी लांब सीट. मी त्या गाड्या दुरुस्त करतो. शिफ्ट संपली की घरी येतो, बूट काढतो आणि तसाच खुर्चीत बसून राहतो. गावात राहिलेले तुम्ही म्हणता, मजा आहे बाबा तुझी. आहे की. पण ती हातमोजे घालून करावी लागते. आणि माझ्यासारखेच बाहेर पडलेले जे आहात, तुम्हाला मी काय सांगणार?

इथे गिऱ्हाइकाला माझा पहिला प्रश्न असतो, वजन किती? त्यावर मागची स्प्रिंग कमी-जास्त कडक लावायची. लोक वजन कमीच सांगतात. अब्बांनी उभ्या जन्मात हा प्रश्न कुणाला विचारला नाही. "वजन बकऱ्याचं इचारत्यात. माणसाला नजर लागती," असं त्यांचं म्हणणं. त्यांची पद्धत वेगळीच होती. गाडीवर जे जे बसणार ते सगळं आणायचं. दुधाचे कॅन असतील तर भरलेले कॅन, बायको असेल तर बायको. भर बाजारपेठेत गाडीवर चढून बसायचं म्हणजे त्या बायांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मग अम्मी आतून चहा घेऊन यायची, त्यांच्याशी चार शब्द बोलायची, हात देऊन त्यांना चढवायची. अब्बा खाली वाकून सीट किती दबली ते बघायचे आणि स्प्रिंग कितव्या खाचेवर कडक करायची ते ठरवायचे. "गाडी एकट्याची नसती," म्हणायचे, "घराची असती."

अम्मी गेली तेव्हा मी पोचेपर्यंत माती झालेली होती. मी एकुलता एक. माझं लग्न झालं होतं, टिकलं नाही. अब्बा तिकडे एकटे, मी इकडे एकटा. हिवाळ्यापुरतं या म्हणून मी त्यांना घेऊन आलो, पण मनात होतं की त्यांनी आता इथेच राहावं. कायमचं. कागदपत्रांचं मी बघितलं असतं. त्यांनी फक्त हो म्हणायचं होतं आणि ते विचारायची माझी हिंमत होत नव्हती.

ते खिडकीशी बसून असायचे. "लय शांत हाय रं," म्हणायचे. "हितं कुत्रं बी भुकत न्हाई." दोनदा जेवायचे, पाच वेळा नमाज पढायचे, बाकी वेळ हीटरकडे पाय करून बसायचे. जन्मभर हाताला काम असलेला माणूस असा बसलेला बघवत नाही.

एका रविवारी मी त्यांना वर्कशॉपमध्ये नेलं. माझी स्वतःची स्नोमोबिल बाहेर काढली आणि दोघं बसलो. मीही आता पूर्वीसारखा किडकिडीत राहिलेलो नाही आणि अब्बा तर पहिल्यापासून भरदार. गाडीचं बूड दबलं, पुढचे पाट हलके झाले. हँडल वळवलं तरी गाडी सरळच निघाली. परत आत आणली.

"अब्बा, तुमचं वजन किती असंल?" सवयीने तोंडातून गेलं.

"बकरं हाय व्हय मी?" ते म्हणाले. "बसतो की. बघ तू."

मी त्यांना पार्का, म्हणजे इथला जाडजूड कोट, चढवला, बूट घातले, हेल्मेटसुद्धा दिलं, कारण तेही वजनच. गाडी मोकळी असताना किती उंच आणि दोघं बसल्यावर किती खाली, ते मोजलं. मागच्या स्प्रिंगच्या टोकाला खाचांची चकती असते, थेट आपल्या मोटारसायकलीसारखी. अब्बांनी ती ओळखली आणि किती तरी दिवसांनी त्यांचा चेहरा खुलला. "आवं, ही तर आपलीच!" चकतीला कुणी आवं म्हणतं का, पण ते म्हणाले. मी पान्याने खाच चढवली. ते बसले, मी बसलो. आणखी एक चढवली. आता जमलं.

तळ्यावर गाडी छान पळाली. वळणावर पाट बर्फ धरत होते. अब्बांचे दोन्ही हात माझ्या खांद्यांवर होते. मधेच ते मोठ्याने हसले. अम्मी गेल्यापासून त्यांचं हसू मी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, झालं. हा माणूस राहतोय. परतल्यावर मी विचारूनच टाकलं, "अब्बा, ऱ्हाता का हितंच?"

त्यांनी हातमोजे काढले. ओट्यावरचा पाना उचलला, गाडीमागे गुडघे टेकून बसले आणि स्प्रिंग एक खाच उतरवली. मग दुसरी.

"अब्बा, काय करताय?"

"तुज्या एकट्याचं लावतोय. मी गेल्यावर ही अशी कडक ऱ्हायली तर दणकं देईल तुला. पाठ जाईल." पाना पुसून त्यांनी जागेवर ठेवला. "तुजी अम्मी हाय रं तितं. जुम्मेरातीला फुलं घिऊन तिच्याकडं जायाला कोन हाय दुसरं?"

मला भांडायचं होतं. इथेही कुणी नाही, असं ओरडून सांगायचं होतं. पण त्यांना गुडघ्यांवरून उठता येईना, म्हणून मी हात दिला.

थंडी ओसरायच्या आत ते परत गेले. विमानतळावर मी खूप रडलो, लाज न बाळगता. त्यांनी या वेळी मनगट नाही, पुरतं कवेत घेतलं.

घर कुठे असं कुणी विचारलं की पूर्वी मी पटकन रहिमतपूर म्हणायचो. आता अडखळतो. तिकडे एक माणूस एकटा जेवतो, इकडे एक माणूस एकटा जेवतो, आणि फोनवर दोघंही एकमेकांना सांगतात की आज भाजी झकास झाली होती. त्या दोन ताटांच्या मधे कुठेतरी आमचं घर आहे. तिथे जायला वाहन नाही.

गाडी अब्बांनी लावली तशीच ठेवली आहे. माझ्या एकट्याच्या वजनाला ती अगदी बरोबर आहे. तळं पार करून येतो, तरी एकही दणका बसत नाही.