लांब पन्ह्याचा मॉनिटर

आधी माफी मागतो. लिहिण्याचा मला काही अधिकार आहे असं मला वाटत नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि आजवर जे काही लिहिलं ते बहुतेक प्रॅक्टिकलच्या वहीत. तिथंही 'निष्कर्ष' या शब्दाखाली काय लिहायचं ते शेजारच्याला विचारूनच लिहायचो. विषयही मोठा नाही. एक मॉनिटर, आणि तो नीट चालावा म्हणून मी लिहिलेल्या पाच ओळी. दूर देशात बसलेल्या, मला कधीही न पाहिलेल्या लोकांनी त्या वाचायच्या होत्या आणि घ्यायच्या की नाही ते ठरवायचं होतं. काही आठवडे माझा सगळा जीव त्या उत्तरात अडकला होता. सांगायला संकोच वाटतो, पण खरं तेच आहे.

कॉलेज सुटल्यावर मी रामदासपेठेत एका आर्किटेक्टच्या ऑफिसात जातो. बंद पडलेला कॉम्प्युटर चालू करणं, प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढणं, असं माझं काम. तिथल्या कपाटामागे एक मॉनिटर उभा करून ठेवलेला होता. नेहमीच्या मॉनिटरपेक्षा बराच रुंद आणि थोडा आत वळलेला. साहेबांनी हौसेनं मागवला होता, पण नकाशे काढणाऱ्या माणसानं दोनच दिवसांत हात जोडले. वळलेल्या पडद्यावर त्याला सगळ्या भिंती वाकड्या दिसत होत्या.

साहेब मला म्हणाले, "घरी ने. चालला तर तुझा. नाही चालला तरी परत आणू नको, इथे जागा नाही."

घरी जाताना हुडकेश्वरच्या बसमध्ये तो खोका मांडीवर घेतला तर शेजारच्या सीटवरही पसरला. कंडक्टर म्हणाला, "सोफा हाय का भाऊ? याचंबी तिकीट लागन."

आमच्या घरी दोन खोल्या. पुढच्या खोलीत आईचं पिकोचं मशीन असतं. ती साड्यांना फॉल-पिको करून देते. त्याच्या बाजूच्या टेबलावर मी मॉनिटर ठेवला तेव्हा तिनं मशीन थांबवून त्याचा वळलेला आकार पाहिला.

"काय आणलं गा हे? पाळणा हाय का?"

"स्क्रीन आहे आई."

"मंग वाकला काहून?"

ऑफिसातल्या माणसाचाही हाच प्रश्न होता.

माझा कॉम्प्युटर जुना आहे आणि त्यावर लिनक्स आहे. जगभरची माणसं मिळून लिहितात, कोणालाही फुकट वापरता येते अशी ती प्रणाली. कॉलेजातल्या एका सीनियरनं ती बसवून दिली होती, कारण दुसरं काही त्या मशीनला झेपत नव्हतं. मॉनिटर जोडला, पडदा भरला, पण ओल्या कागदावर शाई फुटावी तशी अक्षरं दिसू लागली. खोक्यावर लिहिलं होतं: आडवे तीन हजार चारशे चाळीस ठिपके, उभे चौदाशे चाळीस, आणि चित्र सेकंदाला शंभर वेळा नवं. माझ्या कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये मात्र आडवे पंचवीसशे साठ आणि सेकंदाला साठ वेळा, याच्या पुढे काही नव्हतंच.

दोन रविवार गेले. शेवटी एका जुन्या चर्चेच्या पानावर कोणीतरी दिलेली आज्ञा सापडली. ती जशीच्या तशी उतरवली, अर्थ न समजता, आणि सेटिंगमध्ये आकडा उमटला: ३४४०. मला इतका आनंद झाला की बाबा कामावरून यायची वाट पाहत दारातच उभा राहिलो.

बाबा हिंगण्याच्या एका कारखान्यात आहेत. पहिली पाळी असली की कंपनीची बस त्यांना चार वाजता चौकात सोडते. त्याआधी बरीच वर्षं ते हातमागावर होते, त्यांचे वडीलही. आमच्या घरी माग राहिलेला नाही. एक पत्र्याची पेटी तेवढी आहे. कॉम्प्युटरकडे बाबा सहसा पाहत नाहीत. माझ्या अभ्यासाची वस्तू, आपण हात कशाला लावायचा, असा त्यांचा भाव असतो. त्या दिवशी मात्र ते चपला काढता काढता थांबले.

"पन्हा चांगला हाय," म्हणाले.

कापडाच्या रुंदीला पन्हा म्हणतात. मॉनिटरच्या खोक्यावर त्यासाठी छापलेला इंग्रजी शब्द मला तेव्हापासून आठवावा लागतो. पन्हा आपोआप आठवतो.

"धागे किती?" त्यांनी विचारलं.

ठिपके असतात बाबा, असं म्हणणार होतो, पण म्हटलं, "चौतीसशे चाळीस."

ते खुर्ची ओढून बसले. "आमच्या साडीत पन्हाभर तेहतीसशेच्या वर असत. म्हणजे अख्खी साडी मावते याच्यात. काठापासून काठापर्यंत. एका धाग्याले एक ठिपका." मग म्हणाले, "दाखव."

"काय दाखवू?"

"एक काळा धागा, एक पांढरा. पूर्ण पन्हाभर."

तेवढा प्रोग्राम मला लिहिता येत होता. चालवला. पडद्यावर काळ्या-पांढऱ्या बारीक रेघा यायला हव्या होत्या. आल्या त्या ठरावीक अंतरावर राखाडी पट्ट्या घेऊन. मला वाटलं, एवढं बारीक असलं की असंच दिसत असेल. बाबांनी पेटीतून धागे मोजायचं भिंग काढलं, पडद्याला टेकवलं आणि एक डोळा मिटला.

"हे चौतीसशे नाही हायेत."

"बाबा, इथं लिहिलं आहे बघा."

"लिहिलं असन. मापलं का तू?"

मी पुन्हा सेटिंग उघडून आकडा पाहिला.

"फणी एका मापाची आन् ताणा दुसऱ्या मापाचा लावला का असेच पट्टे पडतेत," ते म्हणाले. मागावरचे उभे धागे, म्हणजे ताणा, फणीच्या दातांतून जातात. दात आणि धागे जुळले नाहीत की कापड सांगतं. "तुया मशीनीत मधात कोणीतरी धागे गाळून राहिलं."

मला राग आला, हे कबूल करतो. मी तिसऱ्या वर्षाला, आणि हे काय सांगतात, असं क्षणभर मनात आलं. ते आठवलं की आजही कसंतरी होतं. दुसऱ्या दिवशी ती आज्ञा शब्द न् शब्द समजून वाचली. ती काय करत होती? कॉम्प्युटरच्या आत मोठं चित्र तयार करायची, आणि मॉनिटरकडे पाठवताना ते पुन्हा लहान मापात दाबायची. धागे मधेच गळत होते. आकडा तेवढा मोठा दिसत होता.

तेव्हापासून मी काहीही उतरवून घेणं सोडलं आणि मापायला लागलो.

मॉनिटर जोडला की तो कॉम्प्युटरला आपली ओळख सांगतो: मी कोण, माझी मापं काय. ही ओळख आकड्यांची असते, एका पानावर एकशे अठ्ठावीस आकडे. शेवटचा आकडा असा ठेवतात की सगळ्यांच्या बेरजेला दोनशे छप्पन्ननं पूर्ण भाग जावा. नाही गेला तर पान वाटेत बिघडलं असं समजायचं. माझ्या मॉनिटरची दोन पानं होती. मोठं माप दुसऱ्या पानावर होतं, आणि लिनक्स ते पान फेकून देत होतं, कारण बेरीज जुळत नव्हती. मशीनवर तपासलं तरी समाधान होईना. आई ब्लाऊजची मापं लिहिते त्या वहीतला कागद घेऊन हातानं बेरीज केली, तीनदा. तिन्ही वेळा तीननंच चुकली. पान वाटेत बिघडलं नव्हतं. ते बनवणाऱ्याच्या हातूनच तसं निघालं होतं, बाकी सगळं बरोबर आणि शेवटचा आकडा चुकीचा.

आईनं विचारलं, "दुपारभर काय मोजून राहिला?"

"कोणाची तरी चूक."

"सापडली का?"

"सापडली."

"मंग जेव आता."

दुरुस्त केलेलं पान मी कॉम्प्युटरमध्ये ठेवलं आणि चालू होतानाच मॉनिटरचं न ऐकता हे वाचावं, असं त्याला सांगितलं. पडदा काळा झाला. बराच वेळ काळाच. "गेला का गा?" आईनं सुईवरची नजर न काढता विचारलं. आणि मग तो उजळला. अक्षरं कोरल्यासारखी. फक्त माउसचा बाण अडखळत सरकत होता, कारण चित्र सेकंदाला पन्नास वेळाच बदलत होतं. तो दोष केबलचा आणि ती लावायच्या जागेचा निघाला. दुसऱ्या प्रकारची केबल ऑफिसातून आणली आणि शंभर पूर्ण झाले. हे मला आधी कळायला हवं होतं. बाबांनी बाण या काठापासून त्या काठापर्यंत नेऊन पाहिला.

"हं. आता धोटा अडकून नाही राहिला."

मागावर आडवा धागा घेऊन या काठापासून त्या काठापर्यंत धावतो तो धोटा. मग स्वतःहून म्हणाले, "धागे लाव."

काळ्या-पांढऱ्या रेघा लावल्या. पट्ट्या नव्हत्या. बाबा उठले, खुर्ची बाजूला सारली आणि डाव्या काठापासून भिंग टेकवत टेकवत उजवीकडे गेले. घाई नाही. आईनंही मशीन थांबवलं होतं. उजव्या टोकाला पोचून त्यांनी भिंग सदऱ्याला पुसलं.

"मोकळे हायेत सगळे."

दहावीत माझा शाळेत दुसरा नंबर आला होता. त्या दिवशीसुद्धा मला इतकं उंच झाल्यासारखं वाटलं नव्हतं.

त्या रविवारी त्यांनी पेटीतली चौकटीची वही काढली. तिच्यात त्यांनी बसवलेला एक काठ होता, चौकट न् चौकट भरलेला. मी तो पडद्यावर उतरवला, दोन्ही बाजूंना, मधे साधं अंग. अख्खी साडी एका नजरेत. मागावर बसलेल्या माणसाला विणताना हातभर कापड दिसतं, बाकी गुंडाळलेलं असतं; त्यामुळे बाबा बराच वेळ पाहत राहिले. कौतुकानं मी विचारलं, "यावर तुमचं नाव कुठे असायचं?"

"कशावर?"

"साडीवर."

ते हसले. "दुकानाचा शिक्का राहे. विणणाऱ्याचं नाव कुठं लागते गा? धोतराले असते का?"

त्याच आठवड्यात मी ठरवलं की ही दुरुस्ती आपल्या घरापुरती ठेवायची नाही. असा मॉनिटर आणखी कोणाकडे असेल, तोही आकडे पाहून फसत असेल. या एका मॉनिटरच्या बाबतीत बेरजेची ती चूक माफ करावी आणि पान वाचावं, एवढंच सांगणाऱ्या पाच ओळी मी लिहिल्या. ज्या लोकांकडे लिनक्सचा तो भाग आहे त्यांना पाठवायच्या होत्या. पाठवण्याचे नियम मी चार वेळा वाचले. एक नियम असा, की खाली आपलं खरं, पूर्ण नाव लिहायचं. काम माझं आहे आणि मी ते देतो, अशी ती सही.

पूर्ण नाव म्हटल्यावर माझा हात गुणपत्रिकेसारखाच चालला. आधी आडनाव, मग माझं, मग वडिलांचं. शाळेचा दाखला, परीक्षेचा फॉर्म, स्कॉलरशिप, सगळीकडे असंच लिहीत आलो आहे. दुसरं काही असू शकतं हे सुचलंही नाही.

पाचव्या दिवशी उत्तर आलं. तिकडे शेवटचा शब्द आडनाव समजतात. पत्राची सुरुवातच होती 'प्रिय श्री.' आणि पुढे बाबांचं नाव. खाली लिहिलं होतं: ओळींच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागा मेलमध्ये बिघडल्या आहेत, आणि हा बदल का हवा ते नीट मांडलेलं नाही, दोन्ही सुधारून परत पाठवावं.

मी बाबांना वाचून दाखवलं आणि नावाची गंमतही सांगितली.

"म्हंजे तू चुकला," बाबा म्हणाले, "आन् बोलणी मले बसली."

आई हसता हसता धागा तोडायला विसरली.

"पुढच्या वेळी नाव सरळ करून पाठवतो," मी म्हटलं.

बाबांनी टेबलावरचं भिंग पेटीत ठेवलं. मग म्हणाले, "गुणपत्रिकेवर हाय तसंच हाय ना ते? खोटं तं नाही?"

"खोटं नाही."

"मंग राहू दे. कामात चूक नको राहू देऊ."

मी राहू दिलं. मोकळ्या जागा सुधारल्या. का हवा हे मांडताना बेरीज पूर्ण लिहिली, तीनचा फरक दाखवला, आणि आकड्यावर विश्वास न ठेवता एक काळी एक पांढरी रेघ लावून तपासावं, हेही लिहिलं. ती युक्ती एका विणकराची आहे, असं एक वाक्य इंग्रजीत लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. आणि पाठवलं.

मग काहीच आलं नाही. एक आठवडा, दुसरा, तिसरा. बाबा सरळ विचारत नसत. आल्यावर हातपाय धुताना आतूनच, "टपाल?" एवढंच. मी नाही म्हणायचो. आई म्हणायची, "पाच ओळी वाचाले एवढे दिवस? मी अशी पिको केली असती तं गिऱ्हाईक पळून गेलं असतं." मला मनातून वाटू लागलं होतं की आपण जिथं जायला नको तिथं गेलो. ऑफिसात साहेबांनी मॉनिटरचं विचारलं तेव्हा चालतो म्हणालो, पण पाच ओळींचं सांगितलं नाही. नाकारलं गेलं तर ते आमच्या दोन खोल्यांतच राहावं.

मागच्या बुधवारी कूलरमध्ये पाणी भरत होतो. हात पुसून येऊन पाहिलं तर पत्र आलं होतं. चार ओळींचं. मी ते एकट्यानं वाचलं आणि कोणाला काही सांगितलं नाही, आईलासुद्धा. पत्र पडद्याच्या मधोमध आणून अक्षरं मोठी केली. सव्वाचारला बाबा आले, पायरीवर चपला काढल्या, आणि आत न जाता आज दारातूनच विचारलं, "टपाल?"

मी खुर्चीतून उठलो आणि त्यांना तिथं बसवलं. इंग्रजी होतं, म्हणून मी मागे उभा राहून मराठीत सांगितलं: दुरुस्ती बरोबर आहे. घेतली. पुढच्या आवृत्तीत जाईल, जगात सगळीकडे. रेघांची युक्ती आमच्याही कामी आली, विणकराला कळवा.

शेवटची ओळ सांगावी लागली नाही. ती बाबांना स्वतःला वाचता आली. तिच्यात 'धन्यवाद' होतं, आणि त्यापुढे त्यांचं नाव.